सासवडच्या मुक्कामात वारकऱ्यांची सेवा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्ञानेश्वर माऊलींची पालखी सासवडला दोन रात्री असते. त्या दोन दिवसांत गावातल्या प्रत्येकाला वारकऱ्यांसाठी काहीतरी करावंसं वाटतं. नव्या सोसायट्यांत राहायला आलेली कुटुंबं, लग्न होऊन गावात आलेल्या सुना, कॉलेजची मुलं, दुकानदार असे सगळे जण जून महिना लागला की साधारण तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथं एका ठिकाणी लिहिली आहेत. आमचा आग्रह एकच आहे: आधी विचारा, मग द्या.

पालखी सासवडला नेमकी कधी येते? दर वर्षी तारीख वेगळी का?

सगळा हिशेब तिथीचा आहे. ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून प्रस्थान होतं. मग पुण्यात भवानी पेठेतल्या पालखी विठोबा मंदिरात दोन मुक्काम होतात आणि तिथून दिवे घाट चढून पालखी सासवडला येते. हा दिवस बहुतेक वर्षी ज्येष्ठ वद्य एकादशीचा, म्हणजे योगिनी एकादशीचा असतो. बारशीला मुक्काम इथंच असतो आणि त्रयोदशीला सकाळी पालखी जेजुरीकडे निघते. २०२४ मध्ये पालखी २ जुलैला सासवडला आली, २०२५ मध्ये २२ जूनला. अधिक महिना आला की तारखा आणखी पुढे जातात. २०२६ साली ज्येष्ठ अधिक असल्यामुळे आषाढी एकादशी २५ जुलैला आहे. तारीख पुढे गेली की पाऊस जास्त, हे लक्षात ठेवा. अशा वर्षी जेवणापेक्षा कोरड्या जागेची गरज मोठी असते.

वाटेवर एवढी गावं आहेत. सासवडच्या मुक्कामात वेगळं काय?

पुणे ते सासवड हा वारीतला सगळ्यांत लांब टप्पा, सुमारे ३० किलोमीटरचा. वडकीनाल्याची दुपारची विश्रांती झाली की लगेच दिवे घाटाची चढण लागते. घाट चढून झेंडेवाडीच्या विसाव्यापर्यंत येईतो ऊन तरी असतं नाहीतर पावसाची झोड. आणि हे सगळं एकादशीच्या उपासावर. पालखी तळावर, म्हणजे मुक्कामाच्या मैदानावर, येते तेव्हा अंधार पडलेला असतो. आळंदी सोडून तीन-चारच दिवस झालेले असल्यानं पाय अजून सरावलेले नसतात. पहिल्यांदा वारीला आलेल्या माणसाचे पाय फुटतात ते बहुधा याच टप्प्यात. चक्कर येऊन बसलेली माणसंही आपल्याकडेच जास्त दिसतात.

दुसरं कारण मनाचं आहे. सासवड हे सोपानकाकांचं समाधिस्थान. थोरला भाऊ धाकट्याच्या गावी मुक्कामाला येतो आणि दुसऱ्या दिवशी, बारशीला, सोपानकाकांची पालखीही इथूनच पंढरीला निघते. वारकऱ्याच्या लेखी हा नात्यातला मुक्काम आहे. आपल्या दारात आलेला माणूस पाव्हणा नाही, भावाच्या घरी आलेल्या भावाबरोबरचा माणूस आहे, एवढं मनात धरलं की बाकीचं आपोआप सुचतं.

आमच्या घरी वारकरी उतरवायचे आहेत. कोणाला सांगायचं?

गावातल्या जुन्या घरांना हा प्रश्नच पडत नाही. त्यांच्या ओसरीवर आजोबांच्या काळापासून तीच दिंडी उतरते. नव्यानं सुरुवात करणाऱ्यांनी दोन वाटा पाहाव्यात. एक, शेजारच्या ज्या घरी किंवा शाळेत दिंडी उतरते तिथल्या व्यवस्थापकाला आधी फोन करून विचारायचं. दिंडीत माणसं वाढलेली असतात, पावसात राहुट्या पुरत नाहीत, म्हाताऱ्या माणसांना तंबूत ओल सोसत नाही. “दहा बायकांची सोय आमच्याकडे होईल” असं कोणी आधी कळवलं तर त्यांना मोठा आधार वाटतो. दुसरी वाट म्हणजे नगरपरिषदेत जागेची नोंद करणं.

दिंडीबाहेरचे, सुटे चालणारे वारकरीही पुष्कळ असतात. त्यांना ना तंबू, ना ट्रक, ना वाढपी. रात्री नऊनंतर एखाद्या दुकानाच्या पायरीवर मेणकापड पांघरून बसलेली दोन-चार माणसं दिसली तर ती बहुधा यांतलीच. सगळ्यांत आधी त्यांना विचारा. क्रमांकाच्या दिंडीला कोणी ना कोणी विचारणारं असतंच.

किती माणसं बोलवावीत? घरात काय तयारी लागते?

घरातल्या संडास-मोरीला जेवढी झेपतील तेवढीच. उत्साहात तीस माणसं बोलावली आणि पहाटे चारला एकाच मोरीपुढं रांग लागली की त्यांचेही हाल, आपलेही. एका संडासामागे आठ-दहा माणसं पुरेत.

जमीन कोरडी हवी, बस. गाद्या लागत नाहीत. प्रत्येकाकडे स्वतःची वळकटी असते. खाली अंथरायला ताडपत्री किंवा सतरंजी, ओले कपडे टाकायला आडोशाच्या दोऱ्या, पाय पुसायला जुनी कापडं आणि रात्रभर संडासाकडचा एक दिवा चालू. दाराशी पायरी असेल तर तिथंही उजेड ठेवा. अंधारात अनोळखी घरात म्हातारी माणसं पडतात. वीणा आणि पखवाज यांना मात्र उंच, कोरडी जागा काढून द्या. वीणा जमिनीवर टेकवत नाहीत. ती कोणाच्या तरी गळ्यात असते, नाहीतर नीट मांडलेली असते. तिला ओलांडून जाऊ नका, मुलांना हात लावू देऊ नका.

आणि पहाटे लवकर उठायची तयारी ठेवा. काकडा, आंघोळी, आवराआवर हे सगळं उजाडायच्या आत चालतं. निघायच्या दिवशी तळावर तीनदा कर्णा (तुतारीसारखं वाद्य) वाजतो. पहिल्याला आवरायचं, दुसऱ्याला दिंडीनं उभं राहायचं, तिसऱ्याला चालायचं. पहिला कर्णा झाल्यावर चहाचा आग्रह करून माणसाला अडवू नका.

एकादशीला येतात, मग जेवायला काय द्यायचं?

हा प्रश्न विचारलात हे बरं केलंत, कारण चूक इथंच होते. दर वर्षी कोणीतरी मंडळ हौसेनं पुरी-भाजी करतं आणि ती तशीच राहते. पालखी येते त्या दिवशी धान्य चालत नाही. साबुदाण्याची खिचडी, भगर आणि शेंगदाण्याची आमटी, उकडलेली रताळी, केळी, राजगिऱ्याचे लाडू, खजूर, ताक, दूध यांतलं काहीही चालतं. नुसत्या फराळावर राहणारेही असतात आणि पाण्याशिवाय काही न घेणारेही. “थोडं तरी घ्या” म्हणून मागे लागू नका.

मीठ सैंधव वापरा. साधं मीठ उपासाला न चालणारी बरीच माणसं असतात आणि ती तसं तोंडानं सांगत नाहीत. नुसती नको म्हणतात.

भगरीबद्दल नीट ऐका. दमट हवेत साठवलेल्या भगरीला बुरशी धरते आणि तिच्यातून विषबाधा होते. महाराष्ट्रात उपासाच्या दिवसांत अशा घटना वारंवार घडल्या आहेत. सुटी भगर आणि तयार भगरीचं पीठ घेऊ नका. पाकीटबंद, तारीख पाहून घ्या, निवडून, दोन-तीन पाण्यांनी धुऊन मगच शिजवा. शिजवलेली भगर दुपारी करून रात्री वाढायची नाही. पालखी यायला उशीर होतोच, त्यामुळे “येतील तसं करू” हेच धोरण ठेवा. आधणाचं पाणी तयार ठेवायचं आणि माणसं आली की वैरायची. शंभर माणसांच्या आत असाल तर हे सहज जमतं. त्याहून जास्त करणार असाल तर भगरीच्या वाटेला न जाता खिचडी, केळी आणि लाडू एवढ्यावर भागवा.

आणि बारशीला?

बारशीला सकाळी उपास सुटतो. या दिवशी वरण-भात, पोळी किंवा भाकरी, एखादी फळभाजी आणि लापशी किंवा शिरा असं सकाळीच लागतं, दुपारी एकला नाही. कांदा-लसूण न खाणारे बरेच असतात, म्हणून मुख्य स्वयंपाक त्याशिवाय करा आणि ठेचा वेगळा ठेवा. तेल-तिखट बेतानं. पुढं अजून बारा-तेरा दिवस चालायचं असतं, पोट बिघडलेला वारकरी मागे राहतो.

ज्यांच्याकडे दिंडी उतरली आहे त्यांनी दिंडीच्या आचाऱ्याशी आदल्या रात्रीच बोलून घ्यावं. पुष्कळ दिंड्यांचा स्वयंपाक त्यांच्या ट्रकबरोबरच असतो आणि वारकऱ्यांनी त्यासाठी भिशी, म्हणजे खर्चाची वर्गणी, भरलेली असते. त्यांची पंगत ठरलेली असताना आपण परस्पर तेवढंच शिजवलं तर दोन्हीकडचं वाया जातं. त्यापेक्षा त्यांना विचारा. तांदूळ हवा, गूळ हवा, लाकूड ओलं झालंय, सिलिंडर संपलाय, दळण करून हवंय, असं काहीतरी नेमकं कळेल. पाच किलो पीठ वेळेवर दळून दिलं तर दिंडी ते वर्षानुवर्षं लक्षात ठेवते.

आमचं मंडळ मोठं अन्नदान करणार आहे. काही सूचना?

पहिली सूचना, जागा बदला. मुख्य रस्त्यावर हाकेच्या अंतरावर सहा-सात मंडप लागतात. सगळीकडे चहा, बिस्किटं, केळी. पुढच्या दिंड्यांच्या हातात मावत नाही एवढं होतं आणि शेवटच्या दिंड्या येईपर्यंत पातेली रिकामी. माऊलींच्या रथापुढे २७ दिंड्या आहेत आणि रथामागे त्यांच्या कितीतरी पट. शेवटची माणसं रथानंतर काही तासांनी गावात येतात, सगळ्यांत दमलेली तीच असतात आणि बहुतेक म्हातारीही तीच. मंडळानं ठरवावं की आपला मंडप रात्री आठला सुरू होईल आणि अकराला बंद. एवढ्या एका निर्णयानं अर्धा प्रश्न सुटतो.

सोहळ्याच्या दुसऱ्या वाटेवर, तुकोबारायांच्या पालखीच्या मार्गावर, यवत गावाचं उदाहरण आहे. तिथं पिठलं-भाकरीची परंपरा आहे. पिठलं गावकीनं एकत्र करायचं आणि भाकरी घरोघरच्या चुलीवरून यायच्या. भार वाटला जातो, ताजं मिळतं आणि प्रत्येक घराचा हात लागतो. आपल्याकडच्या गल्ल्यांनी हे आपल्या पद्धतीनं करून पाहण्यासारखं आहे.

दुसरी सूचना, मंडपावर फ्लेक्स लावू नका. कोणाचे फोटो, कोणाचं सौजन्य हे वाचायला वारकरी आलेला नाही. “पाणी”, “शौचालय”, “दवाखाना” असे बाण दाखवणारे फलक लावले तर ते खरोखर उपयोगी पडतात.

ताटं-वाट्यांसाठी पत्रावळ-द्रोण किंवा स्टील. थर्माकोल आणि प्लास्टिकच्या ताटांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहेच.

पाण्याचं काय करायचं?

ज्येष्ठात कऱ्हा नदीला पाणी असेलच असं नाही आणि असलं तरी ते पिण्याजोगं नसतं. वारकऱ्यांनी नदीवर जाऊन ते प्यावं अशी वेळ येऊ देऊ नका. दारात पाण्याची टाकी किंवा पिंप ठेवणार असाल तर ते आधी घासून धुवा, झाकण लावा, खाली तोटी बसवा. तांब्या बुडवून घ्यायचं पाणी नको. शेकडो हात लागले की एका आजारी माणसामुळे अख्खी दिंडी जुलाबानं आडवी होते. टँकरचं किंवा विहिरीचं पाणी असेल तर क्लोरीनचे थेंब बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात घालून अर्धा तास थांबा. शंका असेल तर उकळा.

बाटलीबंद पाणी वाटू नका. दुसऱ्या दिवशी त्या रिकाम्या बाटल्या गटारात दिसतात. वारकऱ्यांकडे स्वतःचं भांडं असतं, ते भरून द्या.

बायकांसाठी काय सोय लागते?

खूप लागते आणि ती कोणी मागत नाही. वारीत बायकांची संख्या मोठी आहे, त्यांत साठी ओलांडलेल्या फार. संडासाची जागा जवळ नसेल तर त्या दिवसभर पाणी प्यायचं टाळतात. मग लघवीला जळजळ, ताप, चक्कर असं सगळं मागोमाग येतं. तळाजवळ फिरती शौचालयं उभी केलेली असतात, पण गर्दीत आणि अंधारात तिथपर्यंत जाणं प्रत्येकीला जमत नाही. रस्त्यालगत घर असेल तर दारावर “महिलांसाठी शौचालय आहे, आत या” एवढी पाटी लावा आणि घरातल्या एखाद्या बाईला दारात बसू द्या. पुरुष दारात बसलेला असेल तर त्या आत येत नाहीत. हे प्रत्येक वर्षी दिसतं.

आंघोळीला बंद मोरी द्या. कपडे बदलायला कडी लागणारी खोली द्या. सॅनिटरी पॅड एका कोपऱ्यात, न विचारता घेता येतील असे, आणि शेजारी झाकणाचा डबा ठेवा. तुळशीवृंदावन डोक्यावर घेऊन आलेल्या माउलीला आधी ते उतरवून ठेवायला स्वच्छ पाट द्या, मग तिला पाणी विचारा. हा क्रम तिला फार सुखावतो.

पायाला तेल लावून चोळून देणं चांगलं का? फोडांना काय करावं?

चांगलंच. पण विचारून. आणि बायकांचे पाय बायकांनीच चोळावेत.

आधी कोमट पाण्यानं पाय धुवा आणि बोटांच्या मधली जागाही कोरडी करा. पावसात चाललेल्या पायांची बोटांमधली कातडी पांढरी पडून सुटलेली असते, तिथं तेल लावू नका. फोड आला असेल तर तो फोडू नका. पुष्कळ ठिकाणी सुई तापवून फोड फोडतात, पण त्यानं जखम उघडी पडते आणि दुसऱ्या दिवशी ती चिखलातून चालते. स्वच्छ गॉजची घडी ठेवून सैल पट्टी बांधा. आपोआप फुटलेला फोड साबणाच्या पाण्यानं धुवून जंतुनाशक मलम लावून झाका. मधुमेह असलेल्या माणसाच्या पायाला जखम दिसली तर घरगुती उपाय न करता त्याला तळावरच्या आरोग्य पथकाकडे घेऊन जा. त्यांना पायाला दुखतंय हे कळतही नसतं.

एकाच पायाची पोटरी सुजलेली, गरम आणि दुखरी असेल तर तीही चोळू नका. डॉक्टरांना दाखवा.

आणि पायांइतकीच चप्पल पाहा. अंगठा तुटलेल्या चपलेवर माणसं घाट चढून आलेली असतात. गावातले चर्मकार बांधव बारशीच्या दिवशी फुकट टाके घालून देतात, नाभिक बांधव दाढी-हजामत करतात. ज्यांच्या हातात कसब आहे त्यांनी त्याच कसबानं सेवा करावी, असं आम्हाला मनापासून वाटतं. शिलाईवाल्यांनी पडशीचे बंद शिवून द्यावेत. मोबाइल दुरुस्तीवाल्यांनी चार्जिंगचा बोर्ड लावावा.

कोणी चक्कर येऊन पडलं तर?

एकादशीच्या संध्याकाळी हे होणारच असं धरून चाला. माणूस शुद्धीवर असेल तर सावलीत किंवा मोकळ्या हवेत आडवं करा, पाय थोडे उंच. विचारा: मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेता का? घेत असेल आणि पोटात काही नसेल तर साखरेचं पाणी किंवा गूळ लगेच द्या. उपास मोडेल या भीतीनं काही जण नाही म्हणतात. तेव्हा त्यांच्या दिंडीतल्या जाणत्या माणसाला बोलवा, तो समजावतो. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नका, पाणीसुद्धा नाही. १०८ला फोन करा.

उलटी-जुलाब असतील तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून घोटघोट द्या. चमचा चहाचा. ओआरएसची पाकिटं असतील तर तीच बरी. घरातल्या बीपीच्या, दुखण्याच्या गोळ्या उचलून देऊ नका. तुमच्या वडिलांना चालणारी गोळी त्यांना चालेलच असं नाही.

चुकलेला वारकरी सापडला तर त्याची दिंडी कशी शोधायची?

नावावरून शोधायला जाऊ नका. दिंडीचा क्रमांक विचारा आणि त्याबरोबर “रथापुढे की रथामागे?” हे नक्की विचारा. रथापुढची पंधरा नंबर आणि रथामागची पंधरा नंबर या दोन वेगळ्या दिंड्या आहेत. एवढं न विचारल्यामुळे म्हातारी माणसं रात्री गावाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरत राहतात. गळ्यातलं ओळखपत्र, पिशवीवरचं लिहिलेलं, विणेकऱ्याचं नाव, गावचं नाव, ट्रकचा नंबर यांतलं काहीतरी आठवतंच.

तरी नाही सापडलं तर तळावर न्या. समाज आरतीच्या, म्हणजे तळावर सगळ्या दिंड्यांच्या एकत्र आरतीच्या, वेळी चोपदार दंड वर करतात आणि लाखांचा तळ क्षणात शांत होतो. त्या वेळी हरवलेल्या-सापडलेल्या वस्तूंची आणि चुकलेल्या माणसांची घोषणा होते. सापडलेलं पाकीट, चष्मा, औषधांची पिशवी हेही तिथंच पोचवा. पोलिसांचा मदत कक्षही असतो. रात्र झाली असेल, माणूस दमला असेल, तर आधी झोपू द्या आणि पहिल्या कर्ण्याच्या आत पोचवा.

पैसे द्यावेत का?

सरसकट वाटू नका. वारकरी मागायला निघालेला नाही. पेरणी उरकून, भिशी भरून, घरचा कारभार कोणाच्या तरी हाती देऊन तो आलेला असतो. हातावर नोट ठेवली की कित्येक जण अवघडतात. अडचणीत असलेल्याला, पाकीट मारलं गेलेल्याला मदत जरूर करा, शक्यतो दिंडीच्या चालकामार्फत.

बोलताना काय म्हणावं? आम्हाला पद्धती माहीत नाहीत.

“राम कृष्ण हरी” म्हणा आणि प्रत्येकाला “माऊली” म्हणा. वय, जात, शिक्षण काही असो, संबोधन हेच. वारकरी तुमच्या पाया पडेल, तुम्हीही त्याच्या पडा. मागे सरकू नका, तसं केलं तर त्यांना वाईट वाटतं. संध्याकाळी तुमच्या अंगणात हरिपाठ सुरू झाला तर टीव्ही बंद करून घरातली मुलं घेऊन बसा. चाल येत नसली तरी टाळ्या देता येतात.

आम्ही वारकरी संप्रदायाचे नाही, किंवा वेगळ्या धर्माचे आहोत. आम्ही सेवा केलेली चालेल?

हो, निःशंकपणे. तुकोबारायांची पालखी देहूतून निघाल्यावर पहिली आरती अनगडशाह बाबांच्या दर्ग्याजवळ होते. वारीच्या वाटेवर पाणी देणाऱ्याला कोणी धर्म विचारत नाही. फक्त शाकाहाराचं भान ठेवा. माळकरी माणसं मांस शिजलेल्या भांड्यातलं खात नाहीत. म्हणून वेगळी भांडी नसतील तर फळं, पाणी, जागा, चार्जिंग, गाडीची मदत यांपैकी काहीही करा.

फोटो आणि रील काढलेले चालतात का?

टाळ-पखवाजाचे, पताकांचे, घाटातल्या रांगेचे काढा. झोपलेल्या, आंघोळ करणाऱ्या, जेवणाऱ्या माणसांचे काढू नका. म्हातारीच्या हातात लाडू ठेवताना स्वतःचा व्हिडिओ करणं थांबवा. ती लाडू घेते आणि मान खाली घालते, हे त्या व्हिडिओतच दिसत असतं.

दुकानदारांसाठी काही?

भाव वाढवू नका. दोन दिवस साबण, मेणकापड, बॅटरी, बिस्किटं, औषधं हातोहात जातात. छापील किंमत घ्या. मेडिकल दुकानं आळीपाळीनं रात्रभर उघडी राहिली तर फार उपकार होतील.

घरात आजारी माणूस आहे, रस्ते बंद असतात. आम्ही काय करावं?

औषधं, दूध, डायलिसिसच्या तारखा हे आधीच्या आठवड्यातच पाहून घ्या. दिवे घाट त्या दिवशी इतर वाहनांना बंद असतो. गल्लीतल्या गाड्या आतल्या बाजूला लावा म्हणजे रुग्णवाहिकेला वाट राहील. गर्दीचा त्रास होतो असं वाटणं यात गैर काही नाही. ज्यांना जमत नाही त्यांनी दाराबाहेर एक बाकडं टाकलं तरी पुष्कळ झालं.

बारशीला सोपानकाकांच्या प्रस्थानाला गेलं तर घरच्या वारकऱ्यांकडे कोण बघणार?

दोन्ही जमतं. घरातल्यांनी वाटून घ्या. तुमच्याकडे उतरलेल्या वारकऱ्यांनाही समाधी मंदिरात घेऊन जा. परगावच्या माणसाला गल्लीबोळातली वाट माहीत नसते आणि दर्शनाची आस मोठी असते. दहावी-बारावीतल्या मुलांना हे काम सांगा. चार म्हाताऱ्या माणसांना हात धरून दर्शन करवून आणायचं आणि परत घरी सोडायचं.

पालखी गेल्यावर कचऱ्याचं काय?

सकाळी पालखी जेजुरीच्या वाटेला लागली की आपण घरी येऊन झोपतो आणि तळ नगरपरिषदेच्या सफाई कामगारांवर सोडतो. त्यांनी आधीचे दोन दिवस झोप घेतलेली नसते. प्रत्येक मंडळानं आपल्या मंडपाभोवतीची जागा स्वतः झाडून द्यावी. ओलं-सुकं आधीच दोन पिंपांत वेगळं ठेवलं तर पत्रावळी आणि उरलेलं अन्न सरळ खताच्या खड्ड्यात जातं. राहुट्यांचे खुंट काढलेल्या जागी खड्डे राहतात, ते बुजवा. विजेच्या तात्पुरत्या वायरी त्याच दिवशी काढा. ओल्या जमिनीवर पडलेली वायर मुलाच्या हाती लागायला वेळ लागत नाही.

परतवारीला काही करायचं असतं का?

करायचं असतं आणि इथंच आपण कमी पडतो. आषाढी पौर्णिमेला गोपाळपूरचा काला झाला की माऊलींच्या पादुका पुन्हा आळंदीला निघतात. परतीची वाटही सासवडवरूनच आहे. जाताना लाखो असतात, येताना मोजकी माणसं, आणि टप्पे मोठमोठे. पावसाचा जोर असतो, बंदोबस्त नसतो, मंडप नसतात, वर्तमानपत्रांत बातमी नसते. २०२० आणि २०२१ मध्ये पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या आणि गावचा तळ रिकामा राहिला, तेव्हा सगळ्यांना चुकल्यासारखं झालं होतं. परतवारीचा तळ मात्र दर वर्षीच बराचसा रिकामा असतो.

ज्यांना गर्दीत सेवा जमली नाही त्यांच्यासाठी ही चांगली संधी आहे. गरम पाणी, कोरडे कपडे, भाकरी आणि आमटी, झोपायला छप्पर, एवढंच लागतं. आळंदीकडे परतणाऱ्या पालखीची वेळ पंचांगावरून आणि आदल्या मुक्कामाच्या गावात फोन करून कळते. दहा-पंधरा घरांनी मिळून ठरवलं तर सगळ्यांची सोय घराघरांत होऊ शकते. नावं गल्लीतल्या विठ्ठल मंदिरात पुजाऱ्यांकडे द्या, आषाढी एकादशीच्या आत.